हात मांडीखाली

मासळीला हात न लावणारी मासळीवाली मी आयुष्यात एकच पाहिली. हे वाक्य हिशेब लिहिणाऱ्या माणसाला शोभत नाही, म्हणून लगेच दुरुस्त करतो: खाडीच्या मासळीला हात न लावणारी. समुद्राची मासळी ती विकत होती. पुढ्यात सुके बोंबील, सुकट, वाळवलेली मांदेली घेऊन बोईसरच्या बाजारात बसत होती. पण कुणी विचारलं, "काकी, खाडीची बोय नाही का आज?" की तिचे दोन्ही हात उचलले जायचे आणि सरळ मांड्यांखाली जायचे. तळवे जमिनीला, वर अंगाचा सगळा भार.

"खाडीला हात नाय," एवढंच ती म्हणायची.

नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडून पुढे जायचं. जुन्याला माहीत असायचं.

तिचं नाव वेणूबाय. सगळे वेणूकाकी म्हणत. तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी तिचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. बायकांनी तसं सांगितलंय, कारण त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही. मी उमरोळीचा, वाडीवाल्यांच्या घरातला. वाडी भावाकडे आहे; मी बोईसरला एका पेढीत जमाखर्च लिहितो. काकी आमच्या दारावर सुकी मासळी घेऊन येई. एकदा ती आली तेव्हा मी अंगणात बसून शेजाऱ्याशी पाणीपट्टीच्या एका आकड्यावरून वाद घालत होतो. तिने टोपली उतरवली, बराच वेळ ऐकून घेतलं आणि माझ्या बायकोला म्हणाली, "ह्यो तुजा नवरा एका आकड्यापायी सकाळ घालवतो. आमाला असाच पायजे."

बायको म्हणाली, "घेऊन जा."

असा मी त्यांच्या सोसायटीच्या वह्या लिहायला दर आठवड्याला जाऊ लागलो. मच्छी विकणाऱ्या बायकांची ती सोसायटी काकीनेच उभी केली होती. मला ती 'हिशेबभाऊ' म्हणे आणि 'तू' म्हणे. 'तू' ती सगळ्यांनाच म्हणे. कचेरीतल्या साहेबांनाही.

सोसायटीत बायका किती, यावरून आमचं कायम वाजत असे. ती सगळीकडे सांगायची, "आमी शंभर बाया हाव."

"काकी, शंभर नाहीत," मी म्हणायचो. "वहीत बघ."

"तुजी वही राहू दे. ज्या घाबरून घरी बसल्यात त्या मोजल्यास का?"

"घरी बसलेल्या कशा मोजणार?"

"कोन मोजत नाय, म्हनून तर त्या घरी बसल्यात."

पण शंभर मी कधी लिहिले नाहीत, आणि तिने कधी सांगायचे सोडले नाहीत.

बायका जमवण्याची तिची पद्धत मी आधी कुठे पाहिली नव्हती. ती सभा बोलवत नसे. ज्या बाईला सोसायटीत आणायचं तिच्या ओटीवर जाऊन बसायची. ती बाई कोळंबी सोलत असेल तर तिच्या ढिगातली मूठभर आपल्या पुढ्यात ओढायची आणि सोलायला लागायची. अर्धा ढीग संपला की मग विचारायची, "येतंस ना गो?" आपली कोळंबी सोलून दिलेल्या बाईला नाही म्हणणं त्या गावात कुणाला जमत नसे. एक बाई मला म्हणाली होती, "काकी दारात दिसली का मी आदी कोलंबी झाकून ठेवते." पण तीही सोसायटीत होतीच.

आणि एक तिचं ठरलेलं वाक्य होतं. आंदोलनाला बसल्यावर कुणी पाय मोकळे करायला उठली की ती म्हणे, "उठलीस का, घरी गेलीस." तेवढ्यावर ती बाई परत बसे.

गावात बोंबील वाळवायच्या दिवसांत आतल्या पाड्यांवरून वारली बायका कामाला येत. त्यांचं पाण्याचं मडकं वेगळं, लांब, उन्हात ठेवलेलं असे. काकीने एका दुपारी आपली भाकरी घेतली, त्या मडक्याशी जाऊन बसली, तिथलंच पाणी प्यायली आणि लखमी नावाच्या बाईला म्हणाली, "तू सोसायटीत ये." गावात हलकल्लोळ झाला. सोसायटीतल्याच काही बायका माझ्याकडे आल्या, "भाऊ, तुमी सांगा तिला, आसं कुठं आस्तंय का?" मी नियम काढून बघितले. नियमात गावाची अट होती, जातीची नव्हती, आणि पाडा त्याच ग्रामपंचायतीत येत होता. मी तसं सांगितलं. काही बायका महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. काकीने त्यातल्या प्रत्येकीच्या घरी जाऊन कोळंबी सोलली.

आता मूळ गोष्ट सांगतो.

ती सकाळ मला विसरता येत नाही. मी वह्या घेऊन गावात शिरलो तर सोसायटीच्या खोलीला कुलूप. बंधाऱ्याच्या बाजूने ओरडा ऐकू आला. काकीची सून रेखा धावत येत होती. "भाऊ, खाडी मेली!" ती म्हणाली.

मी बंधाऱ्यावर चढलो आणि तिथेच थांबलो. ओहोटी होती. नजर जाईल तिथपर्यंत चिखलावर मासळी पडली होती. पोट वर करून. बोय, शिंगाळे, काळुंद्री, कोळंबी, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. चिंबोऱ्या बिळांतून बाहेर येऊन बंधाऱ्याच्या दगडांवर चढल्या होत्या आणि तशाच वर मेल्या होत्या. उरलेलं पाणी उकळून गाळलेल्या चहासारखं दिसत होतं आणि कडेला फेस. वास डोळ्यांत जात होता. एक म्हातारा होडीच्या काठाला धरून उभा होता, नुसता होडीवर थापट्या मारत होता.

बायका चिखलात उतरल्या होत्या. रडत होत्या, शिव्या देत होत्या. आणि मासळी गोळा करत होत्या, कुत्र्यांनी खाऊ नये, पोरांनी घरी नेऊ नये म्हणून. टोपल्या भरून बंधाऱ्याखालच्या ओट्यावर आणत होत्या. काकी ओट्यावर बसली. बाकीच्या तिच्याभोवती बसल्या. तोंडाने आक्रोश चालू होता आणि हात चालू होते. बोय एकीकडे, शिंगाळे एकीकडे. मोठी कोळंबी, बारकी कोळंबी. डोकी एका दिशेला, शेपट्या एका दिशेला. विकायला बसल्यावर लावतात तसे वाटे.

का, ते त्यांना विचारून उपयोग नव्हता. जन्मापासून मासळी पुढ्यात आली की हात तेच करतात. त्या रडत रडत वाटे लावत होत्या आणि आपण वाटे लावतोय हे त्यांना कळत नव्हतं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. दुपारी पंचनाम्याला माणसं आली तोवर ओटा भरला होता आणि चिखल रिकामा झाला होता. खाडीत भरती चढली होती. वरवर पाहता पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

आलेल्या माणसांची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. कागदाची नक्कल पुढे हातात आली. काकी चौथी शिकली होती. चष्मा लावून, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ती वाचत असे. ती वाचत गेली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

'मासळी विक्रीसाठी वाटे करून ठेवलेली आढळली.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग रेखाला वाचायला लावली, मग मला. तीन आवाजांत तेच शब्द. खोलीत बसलेल्या बायकांपैकी एकीने तोंडावर हात घेतला. मला धक्का बसला तो त्या ओळीचा, आणि त्याहून मोठा, ती ओळ खोटी नाही याचा. कारखान्यांतून खाडीत काय सोडलं गेलं, कुणी सोडलं, हे सगळं त्या एका ओळीमागे गेलं होतं. मासळी खाडीत मेली याला पुरावा उरला नव्हता. उलट, मासळी विकायला काढली होती, असा पुरावा तयार झाला होता.

"त्याला बोलवा, बदलून घ्या," बायका कालवा करू लागल्या. "लबाड मेला!"

"गप बसा गो," काकी म्हणाली. "त्या मानसानं नाय लिवलं हे. आपल्या हातांनी लिवलं." तिने स्वतःचे हात पुढे धरले, जणू कुणा दुसऱ्याचे आहेत असे बघितले, आणि मांड्यांखाली घातले. "ह्या हातांनी आता खाडीला हात नाय. ही ओळ खोडली जाईल आन् खाडी खाडीसारकी होईल, तवर नाय."

आम्हाला वाटलं, रागात बोलतेय. ती रागात बोलत नव्हती.

त्यानंतर सोसायटीच्या खोलीत जे सुरू झालं ते पाहून मला हसावं की काय करावं कळेना. काकी समुद्रावरून मिसळ मासळीची टोपली आणायची, बायकांच्या मधोमध ओतायची आणि म्हणायची, "बसा. हात मांडीखाली. कोनी निवडायचं नाय." कारण परत असं घडणार, हे तिला पक्कं माहीत होतं. त्या वेळी पंच येईपर्यंत मासळी होती तशी, होती तिथे राहिली पाहिजे. आणि बायकांचे हात राहणार नाहीत, हेही तिला पक्कं माहीत होतं.

पहिल्या दिवशी सगळ्या हसत होत्या. थोड्या वेळाने चुळबुळ सुरू झाली.

"गो पारू, तुजा आंगठा भाइर आला!"

"मुंगी चावली गो काकी."

"मुंगी नाय, ती मांदेली चावतेय तुला. घाल आत."

एक म्हातारी हात मांडीखाली ठेवून पायाच्या अंगठ्याने मांदेली बोंबलापासून बाजूला सारत होती. तिला वाटलं कुणी बघत नाही. सगळ्या खोलीने बघितलं आणि अशा हसल्या की रेखाला उचकी लागली. काकी हसली नाही. तिने त्या म्हातारीच्या पायावर ओली गोणी टाकली. लखमी तेवढी निवांत बसलेली असायची. "मना काय, आमच्याकडं मासली तरी कुटं हाय वाटे लावायला," ती म्हणाली, आणि सगळ्यांत आधी तीच पक्की झाली.

हे पुढे त्यांचं आंदोलनच झालं. कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्या झाल्यात, तिथे आम्ही निवेदन द्यायला गेलो. निवेदन मी लिहिलं होतं. बायका दालनाबाहेरच्या चकचकीत फरशीवर रांगेत बसल्या, सगळ्यांचे हात मांड्यांखाली. घोषणा नाहीत, काही नाही. येणारे-जाणारे थबकून बघत. शेवटी आतले अधिकारी बाहेर आले. तरुण होते, नुकतेच बदलून आले होते.

"हात का असे घेतलेत?" त्यांनी विचारलं.

"तुजा कागद बोलतो, आमचे हात मासली विकायला बसलेले," काकी म्हणाली. "म्हनून दाबून ठेवलेत."

साहेबांना 'तू' म्हटलेलं ऐकून दारातला शिपाई दचकला. साहेबांनी निवेदन वाचलं, चहा सांगितला. चहा आला, पेले फरशीवर रांगेने ठेवले गेले. एकीनेही हात काढला नाही. चहावर साय धरली.

"घ्या ना, काकी," साहेब म्हणाले.

"हात मोकला नाय. पाजतंस का?"

मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा साहेब उकिडवे बसले होते आणि त्यांनी पेला तिच्या ओठांना लावला होता. शिपायाच्या हातातली किटली तिरकी झाली होती. काकीने घोट घेतला, गिळला, आणि म्हणाली, "साकर कमी हाय."

ते अधिकारी उठले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण ते म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला फोन करा. मी स्वतः येईन. जुना कागद असा बदलता येत नाही. नवा पुरावा पाहिजे." आपला नंबर त्यांनी मला लिहून दिला. अशी आश्वासनं मी पुष्कळ ऐकली आहेत. हे खरं निघेल असं मी धरलं नव्हतं.

पुन्हा झालं. पुढच्या वर्षी, उन्हाळा संपत आला होता तेव्हा. दुपारी रेखाचा फोन आला, मी पेढीतून निघालो आणि वाटेतूनच साहेबांना फोन लावला. ते जव्हारच्या बाजूला होते. "निघालो," म्हणाले.

मी बंधाऱ्यावर पोचलो तर खाली तोच चिखल, तोच चहाचा रंग, तशीच पोट वर करून पडलेली मासळी. पण ओटा रिकामा. बायका चिखलात बसल्या होत्या. मासळीच्या कडेकडेने, रांग धरून, कासोटे चिखलात, हात मांड्यांखाली. कुणी रडत नव्हतं. मधोमध काकी, तिच्या शेजारी लखमी.

मग भरतीची वेळ झाली.

मी वर फोन कानाला धरून उभा. साहेब म्हणत होते, मनोर आलं. खाली पाणी पहिल्या रांगेच्या पायाशी लागलं. साहेब म्हणत होते, बोईसरच्या नाक्यावर गाडी अडकलीय. पाणी बायकांच्या मांड्यांवर आलं. मासळी उचलली गेली आणि त्यांच्याभोवती तरंगायला लागली. दोघीतिघी उठून बंधाऱ्याकडे आल्या, त्यांचे पाय लाल झाले होते. "जलतंय भाऊ," त्या म्हणाल्या, "पानी जलतंय."

रेखा गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, "आई, ऊठ! आई, भरती वाट बगनार नाय!"

"मासली ओढून आनू का ओट्यावर?" कुणीतरी विचारलं.

"नाय," काकी म्हणाली. "हात नाय लावायचा. होती तिथं राहू दे."

"आई, तू मरशील!"

"उठलीस का, घरी गेलीस," काकी म्हणाली. सुनेकडे तिने बघितलंही नाही. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. तिच्या खांद्याशी एक मेलेली बोय येऊन टेकली होती आणि लाटेबरोबर मागेपुढे होत होती. तिने ती खांद्यानेसुद्धा दूर केली नाही.

मी माणूस आकड्यांचा. खाली पाण्यात आता किती बसल्यात, किती वर आल्यात, हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं. माझ्यामागे गाडीचं दार आपटलं. ते अधिकारी माझ्या बाजूने धावत गेले आणि बुटांसकट बंधाऱ्यावरून खाली उतरले. त्यांच्यामागे पंच, कागद डोक्यावर धरून. साहेबांनी बाटली काकीच्या गळ्याशी पाण्यात बुडवून भरली. त्यांच्या हाताला पाणी लागलं आणि त्यांचा चेहरा बदलला, ते मी वरून पाहिलं.

"आता लिव," काकी म्हणाली. "वाटे दिसतात का तुला?"

"नाही, काकी," साहेब म्हणाले. "उठा आता. प्लीज उठा."

"आदी लिव."

पंचांनी मांडीभर पाण्यात उभं राहून लिहिलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मासळी खाडीच्या पाण्यात मृतावस्थेत तरंगताना आढळली. तेव्हा तिने लखमीला मान हलवून खूण केली. लखमी, रेखा आणि साहेब, तिघांनी मिळून तिला उचललं. हात तिने तरीही बाहेर काढले नव्हते. ते बधिर झाले होते. लखमीने ते ओढून काढले.

तिचे पाय मी दवाखान्यात पाहिले आणि लगेच खोलीबाहेर आलो. कमरेखालची कातडी सुटली होती. लखमीचीही, पण कमी. ती वयाने लहान होती. काकी पुढे कित्येक महिने जमिनीवर बसू शकली नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि त्या खुर्चीला शिव्या द्यायची. "हितून मासली नाय दिसत, मानसांची डोकीच दिसतात." नंतर काठी घेऊन चालायला लागली. बाजारात यायला लागली. पण खाडीला हात नाही तो नाहीच.

त्या नव्या कागदाने बरंच घडलं. चौकशा झाल्या, नोटिसा गेल्या, काही कारखाने काही काळ बंद राहिले. पाणी सोडायची नळी आणखी आत समुद्रात नेली असं सांगतात. मी ती पाहिलेली नाही, म्हणून एवढंच लिहितो. दोनतीन पावसाळे गेले. खाडीच्या चिखलात उड्या मारणारे निवटे दिसायला लागले. मग बोय आली. काही घरं ती मासळी खायलाही लागली.

आणि बायकांना बाजाराची शेड मिळाली. हे काकीचं सगळ्यात जुनं मागणं होतं, खाडीच्याही आधीचं. बोईसरला गटाराच्या कडेला, उन्हात, बायका वर्षानुवर्षं बसत होत्या. रेखा दोन्ही बाळंतपणांत दिवस भरेपर्यंत त्या गटाराच्या कडेलाच बसली होती. आता छप्पर, पांढरे ओटे, नळ. पैसे काही कारखानदारांनी मिळून दिले होते. उद्घाटन ठरलं आणि त्याच्याबरोबर त्यांचंच एक पत्र आलं, सोसायटीने सही करायचं: खाडी आता पूर्ववत झाली आहे, सबब आमची तक्रार मागे घेत आहोत.

काकीने शब्दाशब्दावर बोट ठेवून पत्र वाचलं. रेखा बोलली. "आई, आता पुरे. पाय दिलेस, आजून काय देशील? मला छपराखाली बसू दे." घरात या दोघींचं भांडण झालं, ते गावाने ऐकलं. शेवटी काकी म्हणाली, "खाडी बरी झाली आसंल तर मीच सही करीन. मासली बगून सांगते."

उद्घाटनाला मंडप होता, पाहुणे होते, फोटो काढणारे होते. बायका नव्या साड्या नेसून नव्या ओट्यांवर बसल्या होत्या. पहिल्या ओट्यावर काकी. ती जागा पुढे रेखाची होणार होती. खाडीच्या ताज्या मासळीची टोपली, वर झेंडूचा हार, तिच्या पुढ्यात ओतली गेली. माईकवर सांगितलं गेलं, ज्या काकींनी इतकी वर्षं खाडीच्या मासळीला हात लावला नाही, त्या आज आपल्या हातांनी पहिले वाटे लावतील. टाळ्या झाल्या. फोटोवाले पुढे सरकले.

काकीने काठी बाजूला ठेवली. एक बोय उचलली. एवढ्या वर्षांनी. तिने बोयीचे कल्ले बोटाने उघडले, आत पाहिलं, नाकाशी नेली. मग ती बोय तिने रेखापुढे धरली. रेखाने वास घेतला आणि मान फिरवली. तिसऱ्या ओट्यावरून पारूने नुसतं बघूनच खाली पाहिलं. त्या शेडमधल्या सगळ्या बायकांना कळलं होतं. टोपली ओतली तेव्हाच कळलं असणार. पूर्वीसारखा उग्र नव्हता, पण खाडी मेली त्या सकाळचाच वास होता.

"काकी, वाटे लावा ना," फोटोवाला म्हणाला. "एकच, फोटोपुरता."

काकी त्याच्याकडे वळली. "एकदा लावले होते," ती म्हणाली. माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "आमी वाटे लावले का तुमी लिवता, मासली विकायची होती. नाय. आजून नाय."

तिने बोय ढिगात परत टाकली. आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

माईकवर कुणीतरी घाईने दुसरंच काही बोलायला लागलं. शेड जाईल, एवढ्या वर्षांचं सगळं जाईल, असं माझ्या डोक्यात आलं. मग पलीकडच्या ओट्यावर लखमीने हात मांडीखाली घेतले. मग पारूने. मग त्या पायाच्या अंगठ्याच्या म्हातारीने. नव्या साड्या, पांढरे ओटे आणि एकेक करून हात दिसेनासे होत गेले. पाहुणे निघाले. खुर्च्या उचलायला माणसं आली. मासळी तशीच पडून होती.

रेखा उभीच होती. सासूकडे बघत नव्हती, नळाकडे बघत होती. नळ चालू राहिला होता. ती गेली, नळ बंद केला, परत आली. पहिल्या ओट्यावर सासूच्या शेजारी जागा होती तिथे बसली. डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर हात खाली घेतले.

काकीने मला हनुवटीने जवळ बोलावलं. अशी बसलेली मी तिला पुन्हा पाहिली नाही. त्याच पावसाळ्यात ती गेली. माझ्या डोळ्यांपुढे ती आहे ती अशीच, पांढऱ्या ओट्यावर, जळलेले पाय पुढे पसरलेले, कोपर अंगाला चिकटलेले.

"हिशेबभाऊ," ती म्हणाली, "किती बाया बसल्यात? मोज."

मी शेडभर नजर फिरवली. माझ्या तोंडून जे आलं तो आकडा नव्हता, हे मला माहीत आहे.

"सगळ्या, काकी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. हात बाहेर काढले नाहीत.